महापौरपदाची दुसरी फेरी नागपुरात झाली तर प्रचार कसा आखावा?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत, ब्राझीलमध्ये काही शहरांत महापौरासाठी दोन फेऱ्यांत मतदान होते. उद्या नागपूरचा महापौर थेट जनतेतून निवडायचा ठरला, पाच-सहा जण उभे राहिले आणि कोणालाच निम्मी मते न पडल्याने पहिल्या दोघांत दुसरी फेरी लागली, तर तिच्याआधीच्या चार आठवड्यांत तुम्ही प्रचार कसा आखाल? आणि त्यातले काही आज आपल्याकडे उपयोगी पडेल का?"

आधी थेट उत्तर देतो, मग कारणे. पहिला आठवडा स्वतःच्या मतदारांना द्या. पुढचे दोन आठवडे बाद झालेल्या उमेदवारांच्या बूथवरच्या माणसांना द्या. शेवटचा आठवडा फक्त मतदान घडवून आणण्यासाठी ठेवा. समोरच्याच्या पक्क्या मतदाराच्या दारात वेळ घालवू नका. आणि या सगळ्याची तयारी पहिल्या फेरीच्या पहिल्या सभेपासून करा, कारण हरलेल्यांच्या मतदाराला ज्याचे बटण दाबताना संकोच वाटत नाही, तोच दुसरी फेरी जिंकतो. माझ्या मते बाकी सारे याच्या खालोखाल येते.

आपल्याकडची व्यवस्था दोन ओळींत सांगायला हवी. महाराष्ट्रात महापालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात. मुदत अडीच वर्षांची, पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीने ठरते, आणि सभागृहात पक्षाचा व्हीप चालतो. नगरपरिषदांचा अध्यक्ष मात्र थेट जनता निवडते. शेजारच्या मध्य प्रदेशात, म्हणजे आपल्यापासून जवळच्या छिंदवाड्यातही, २०२२ मध्ये महापौर थेट निवडला गेला. पण या दोन्ही ठिकाणी एकच फेरी असते आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. निम्म्याची अट नाही. त्यामुळे आपल्या कार्यकर्त्याला 'मत फोडायचे' गणित पाठ असते, 'मत जोडायचे' गणित त्याने फारसे केलेलेच नसते. दुसरी फेरी आली की पहिले गणित निरुपयोगी ठरते, इतकेच नव्हे, तर ते अंगावर येते.

कसे अंगावर येते, ते नागपुरातच पाहू. २०१४ च्या विधानसभेत उत्तर नागपुरात भाजप पहिला, बसप दुसरा आणि काँग्रेस तिसरी आली. तिघेही दखल घ्यावी इतकी मते घेऊन. तिथे दुसरी फेरी असती तर काँग्रेसच्या मतदाराला बसप आणि भाजप यांच्यातून एकाची निवड करावी लागली असती, आणि निकाल त्याच्या हातात असता. २०२४ मध्ये मध्य नागपुरात विजयी आणि पराभूत उमेदवारांत साडेअकरा हजारांच्या आसपास मतांचे अंतर होते. हलबा समाजाच्या जातप्रमाणपत्राच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने सुमारे २३ हजार मते घेतली. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावलीकडच्या ज्या घरांतून ती मते आली, तिथे दुसऱ्या फेरीत तुम्ही कोणत्या तोंडाने जाणार? पहिल्या फेरीत तुमच्या वक्त्याने त्या उमेदवाराला 'मतं खायला उभा केलेला' म्हटले असेल, तर दार उघडेल, पाणी मिळेल, मत मिळणार नाही. त्या मतदाराला तो शब्द उमेदवाराबद्दल वाटतच नाही. त्याच्या जातप्रमाणपत्राच्या कित्येक वर्षांच्या लढ्याला तुम्ही 'खाल्लेलं मत' म्हटलेत, असे त्याला ऐकू येते.

म्हणून पहिल्या फेरीत माझा पहिला नियम हा: तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येऊ शकणाऱ्या उमेदवारावर नावानिशी टीका बंद. त्याच्या मागणीवर तुमची भूमिका लेखी ठेवा, पटत नसेल तर तसे सभ्यपणे सांगा. हे वक्त्यांना, विशेषतः समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या मुलांना, रोज सांगावे लागते. एक व्हिडिओ, एक मीम पाच आठवड्यांनी परत येते आणि तेही नेमक्या त्याच वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

आता गणित. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेतो. एकूण १० लाख मते पडली. 'अ'ला ३.८ लाख, 'ब'ला ३.१ लाख, 'क'ला १.६ लाख, 'ड'ला ९० हजार, इतरांना ६० हजार. अ आणि ब दुसऱ्या फेरीत गेले. अंतर ७० हजारांचे. बाद झालेल्यांची मते ३.१ लाख. यातले चाळीस टक्के मतदार, 'आपला पडला, आता कशाला जायचं', म्हणून घरी बसले असे धरा. उरले १.८६ लाख. ब ने अतिशय चांगले काम केले आणि त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे १.२४ लाख मते घेतली. अ ला ६२ हजार मिळाली. बेरीज करा: अ ४.४२ लाख, ब ४.३४ लाख. इतके करूनही ब आठ हजारांनी पडतो.

आता फक्त एक गोष्ट बदला. अ च्या स्वतःच्या मतदारांपैकी पाच टक्के, म्हणजे १९ हजार, 'आपला तर पुढेच आहे' म्हणून आलेच नाहीत, आणि ब ने आपला एकही मतदार घसरू दिला नाही. अ ४.२३ लाखांवर येतो, ब ११ हजारांनी निवडून येतो. हा हिशेब मी प्रत्येक उमेदवाराला कागदावर मांडायला लावतो. पुढे असलेल्याला धोका कुठे आहे आणि मागे असलेल्याला संधी कुठे आहे, हे भाषणापेक्षा अशा बेरजेतून लवकर कळते. आणि नागपूरसारख्या शहरात, जिथे २०१७ च्या महापालिका निवडणुकीत मतदान निम्म्याच्या थोडेसेच पुढे गेले होते, तिथे लोक दुसऱ्यांदा त्याच केंद्रावर येतील हे गृहीत धरणे फार धाडसाचे आहे.

त्यामुळे पहिला आठवडा स्वतःच्या माणसांचा. निकालाच्या रात्री मिरवणूक, फटाके, गुलाल, सगळे बंद ठेवा. दोन कारणे आहेत. मतदाराला वाटते निवडणूक संपली. आणि कार्यकर्ता दमून चार दिवस झोपतो. त्याऐवजी त्याच रात्री मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या प्रतिनिधींकडून केंद्रनिहाय आकडे गोळा करा. मोजणीच्या प्रत्येक फेरीत यंत्रावरचा आकडा उतरवणारा माणूस शिस्तीचा असेल, तर सकाळपर्यंत तुमच्याकडे सगळ्या शहराचा नकाशा तयार होतो. मग बूथ तीन प्रकारांत वाटा: जिथे आपण स्पष्ट पुढे होतो, जिथे क किंवा ड पुढे होता, आणि जिथे मतदानच कमी झाले. समोरचा भक्कम असलेल्या बूथवर आपला पोलिंग एजंट आणि टेबल असावे, एवढेच. तिथल्या कार्यकर्त्याला वाईट वाटते, त्याची समजूत काढावी लागते, पण त्याला दुसऱ्या वस्तीत पाठवण्याचे धाडस हवे.

आपले बूथ कसे सांभाळायचे? मतदानाच्या दिवशी टेबलावर बसलेल्या पोरांनी यादीवर खुणा केल्या असतील, तर त्या यादीत ज्या घरांपुढे खूण नाही ती घरे आधी. त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, प्रतापनगरच्या अपार्टमेंटमध्ये हा मतदार बहुधा नोकरीवाला असतो, सुटी जोडून गावाला किंवा पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. त्याला तारीख आत्ताच सांगा. मानेवाडा, हुडकेश्वर, वाठोडा, पारडीकडच्या ले-आउटमध्ये अडचण वेगळी आहे: घर बदललेले, नाव जुन्या वस्तीच्या यादीत. तिथे चिठ्ठी घरात टाकून भागत नाही. कोणत्या शाळेत, कोणती खोली, जायला गाडी आहे का, हे विचारावे लागते.

दुसरा आणि तिसरा आठवडा सर्वांत नाजूक, आणि इथेच बहुतेक उमेदवार पैसा आणि वेळ चुकीच्या जागी घालतात. निकाल लागताच धावपळ सुरू होते ती क च्या भेटीसाठी. हॉटेलात बैठक, शाल, पुष्पगुच्छ, संयुक्त पत्रकार परिषद, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो. पाठिंबा मिळाला हे चांगलेच, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण फोटोमुळे मत हलत नाही. उत्तर नागपुरातल्या एखाद्या वस्तीत क ला चारशे मते पडली असतील, तर ती तिथल्या एका बाईने किंवा एका मंडळाच्या अध्यक्षाने घरोघर फिरून आणलेली असतात. तिला नेत्याचा निरोप पेपरातून कळला, तर ती दुखावते. तिच्या अंगणात जाऊन बसा. ती पहिल्यांदा विचारेल, "आमचा तर पडला ना भाऊ, आता कोनाले द्याचं?" या प्रश्नावर लगेच 'आम्हाले' म्हणू नका. आधी तिला विचारा की तिच्या वस्तीत लोकांनी क ला मत कशासाठी दिले. झोपडपट्टीतल्या जागेच्या मालकी पट्ट्यांसाठी? टँकरसाठी? की समोरच्या दोघांनीही गेल्या पाच वर्षांत तोंड दाखवले नाही म्हणून? उत्तर वस्तीगणिक बदलते.

मग तुमच्या जाहीरनाम्यात क च्या कार्यक्रमातली एक किंवा दोन कामे घ्या, जशीच्या तशी, त्यांचे श्रेय देऊन. दहा घेऊ नका. दहा घेतली की लोकांना ती निवडणुकीपुरती वाटतात आणि तुमचा स्वतःचा मतदारही बिचकतो. महापालिकेच्या हातात खरोखर असलेली कामे घ्या. जातप्रमाणपत्राचा प्रश्न महापौर सोडवू शकत नाही, तो सोडवतो असे सांगणे म्हणजे त्या समाजाची पुन्हा एकदा फसवणूक; मला याची मनापासून चीड आहे. पण त्याच वस्तीतल्या विणकरांच्या घरकरात, नाल्याच्या भिंतीत, शाळेच्या इमारतीत महापौर आग्रह धरू शकतो. अनधिकृत ले-आउटच्या बाबतीतही तसेच: नियमितीकरण नागपूर सुधार प्रन्यासशी आणि शासनाशी जोडलेले आहे, एकट्या महापालिकेशी नाही, हे मतदाराला ठाऊक असते. त्याला ठाऊक असलेले खोटे बोलू नका.

दोन्ही बाजूंच्या मतदाराला जोडणारे प्रश्नही असतात आणि दुसऱ्या फेरीत ते सोन्यासारखे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी नाग नदीत उतरले आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या भागांत घरे बुडाली. त्या घरांत सगळ्या पक्षांचे मतदार राहतात. नदीचे पात्र, पावसाळी गटारे, उंच झालेले सिमेंटचे रस्ते, यांवर नेमके, तारीखवार, पैशांच्या हिशेबासह बोलणारा उमेदवार पक्षाच्या कुंपणापलीकडून मत आणू शकतो. प्रतिस्पर्ध्यावर टीका करायची तर ती या प्रश्नांवर, त्याच्या कागदोपत्री नोंदलेल्या भूमिकेवर करा. घराण्यावर, जातीवर, भाषेवर नाही. मध्य, पूर्व, उत्तर नागपुरात घराघरांत हिंदी बोलली जाते. मराठी-हिंदीचा मुद्दा उकरून कोणाची तरी टाळी मिळेल, पण जरीपटक्यापासून गांधीबागेपर्यंत जे बिघडेल ते चार आठवड्यांत दुरुस्त होणार नाही.

बाहेरच्या शहरांत काय घडले ते आता पाहा, म्हणजे मी केवळ नीतीची बाजू मांडत नाही हे कळेल. शिकागोत २८ फेब्रुवारी २०२३ ला पहिली फेरी झाली. पॉल वॅलस सुमारे ३३ टक्क्यांवर, ब्रँडन जॉन्सन सुमारे २२ टक्क्यांवर, आणि विद्यमान महापौर लोरी लाइटफूट तिसऱ्या. त्या बाद झाल्या. ४ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत ११ टक्क्यांनी मागे असलेला जॉन्सन सुमारे ५२ टक्के घेऊन जिंकला. चौथ्या क्रमांकाच्या चुई गार्सिया यांनी त्याला पाठिंबा दिला होता, शिक्षक संघटनेची दारोदार फिरणारी फौज त्याच्यामागे होती, आणि वॅलस यांची जुनी वक्तव्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्या त्या शहरात त्यांच्याच विरोधात वापरली गेली. ज्याची 'दुसरी पसंती' होण्याची क्षमता जास्त, तो मागून येऊन जिंकला. त्याच शहरात २०१९ मध्ये लाइटफूट पहिल्या फेरीत फक्त साडेसतरा टक्के घेऊन पुढे होत्या, चौदा उमेदवारांत. दुसऱ्या फेरीत त्यांना ७३ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि पन्नासच्या पन्नास वॉर्डांत त्या पुढे राहिल्या. पहिल्या फेरीचा आकडा लोकप्रियतेचा नसतो, मत किती ठिकाणी वाटले गेले त्याचा असतो, हे यातून दिसते.

साओ पाउलोचे उदाहरण उलटे आहे. ब्राझीलमध्ये दोन लाखांहून अधिक मतदार असलेल्या शहरांत दुसऱ्या फेरीची तरतूद आहे. ६ ऑक्टोबर २०२४ ला तिथे नुनेस, बोलोस आणि मार्साल हे तिघे उमेदवार २९.५, २९.१ आणि २८.१ टक्के असे जवळपास एकाच रेषेत आले. मार्साल बाद. २७ ऑक्टोबरला नुनेस ५९ टक्क्यांवर गेले, बोलोस ४१ च्या आतच राहिले. बोलोस यांच्या प्रचारात कष्ट कमी नव्हते. पण बाद झालेल्याच्या मतदारांतल्या मोठ्या हिश्शाला ते कोणत्याही स्थितीत नको होते. असा नकार चार आठवड्यांत पुसता येत नाही. म्हणून मी उमेदवार ठरवतानाच विचारतो: 'याला अजिबात मत देणार नाही' असे म्हणणारे किती आहेत? आपल्याकडे सर्व्हे करणारे 'पहिली पसंती कोण' एवढेच विचारतात आणि हा प्रश्न गाळतात. दोन फेऱ्यांच्या निवडणुकीत तोच सर्वांत महत्त्वाचा.

चौथ्या आठवड्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सभा कमी, कोपरा बैठका जास्त. नवा आरोप, नवे आश्वासन काहीही नको. प्रत्येक बूथला नावांची यादी, प्रत्येक यादीला एक माणूस, आणि दुपारी बारापर्यंत न आलेल्यांना फोन.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: आज याचा उपयोग काय? महापौराची दुसरी फेरी आपल्याकडे नाही, पण तिची सख्खी बहीण नागपुरात आहे: पदवीधर मतदारसंघ. विधान परिषदेची ही निवडणूक पसंतीक्रमाने होते. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत कोणी तो गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांना वाटल्या जातात. दुसरी फेरीच ती, फक्त मतदार दोन्ही वेळचे मत एकाच कागदावर देऊन जातो. २०२० मध्ये, दशकानुदशके भाजपकडे असलेला हा मतदारसंघ काँग्रेसच्या अभिजित वंजारी यांनी जिंकला, आणि समोर होते शहराचे तेव्हाचे महापौर संदीप जोशी. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मतमोजणी दुसऱ्या पसंतीपर्यंत लांबली, ती आपल्या बाजूच्या सगळ्यांनी जागून पाहिली.

इथे प्रचारातली एक मोठी पोकळी मला कायम दिसते. सगळेच उमेदवार सांगतात, 'फक्त आमच्यासमोर १ लिहा, बाकी काही लिहू नका.' शेवटपर्यंत टिकणाऱ्या उमेदवाराच्या स्वतःच्या मतदारासाठी हे चालते, कारण त्याची दुसरी पसंती मोजलीच जात नाही. पण छोट्या उमेदवाराच्या मतदारानेही तेच केले, तर त्याचा उमेदवार बाद होताच ती मतपत्रिका पुढे कोणाकडेच जात नाही. तिथे जाऊन नम्रपणे सांगायचे असते: '१ तुमच्या माणसाला द्या, तो तुमचा हक्क आहे; २ आम्हाला द्या.' हे वाक्य उच्चारायला आपले कार्यकर्ते लाजतात, त्यांना ते कमीपणाचे वाटते. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट समोरच्याच्या निष्ठेचा मान राखून मागितलेले ते मत आहे. आणि मागण्यासाठी आधी चांगले वागलेले असावे लागते, म्हणजे आपण पुन्हा त्या वक्त्यांच्या जिभेपाशी येतो.

याच्या जोडीला दोन कामे. एक, मतपत्रिका भरणे शिकवा: केंद्रावर दिलेल्या पेननेच आकडा लिहायचा, बरोबरची खूण केली की मत बाद, १ नसेल तर २ ला अर्थ नाही. शिकलेल्या मतदारांच्या या निवडणुकीत मते बाद होतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते. दुसरे, नोंदणी. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेल असे नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत नमुना १८, म्हणजे पदवीधरांच्या नावनोंदणीचा अर्ज, भरून घेणारा गट ज्याच्याकडे मोठा, त्याने प्रचाराचा नारळ फुटण्याआधीच निम्मे काम केलेले असते. तुम्ही तरुण आहात आणि हातात अजून वेळ आहे असे प्रश्नावरून वाटते. तुमच्या वस्तीत पदवीधर किती, त्यातल्या किती जणांचे नाव यादीत आहे आणि त्यांच्यातले किती जण कोणत्या छोट्या संघटनेला मानतात, एवढी एक वही आधी तयार करा. उमेदवार कोण, हे त्यानंतर पाहा.